खाकी कागदामागची पुस्तकं: फ्लोरिडा आणि टेक्सासमधल्या मराठी पालकांना खुलं पत्र

मराठी पालकहो, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मराठी शाळेसाठी आपल्यापैकी अनेक जण इथल्या सरकारी शाळांचे वर्ग भाड्याने घेतात. पुढच्या रविवारी एखाद्या हायस्कूलचा इंग्रजीचा वर्ग वाट्याला आला, तर मुलं बाराखडी गिरवत असताना मागच्या भिंतीकडे एकदा बघा. तिथे कमरेएवढ्या उंचीचं फडताळ असतं. काही ठिकाणी ते आता रिकामं आहे, काही ठिकाणी त्यात फक्त स्टेपलर आणि जुन्या चाचण्यांचे गठ्ठे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या मॅनटी काउंटीत तर शिक्षकांनी अशा फडताळांवर खाकी कागद चिकटवले, कारण तसा निरोपच आला होता: तपासणी होईपर्यंत वर्गातली पुस्तकं काढा, नाहीतर झाका.

त्या फडताळात पूर्वी काय असायचं? शिक्षकाने गॅरेज सेलमधून डॉलर-डॉलरला आणलेली, पास होऊन जाताना मुलांनी ठेवलेली, शिवण उसवलेली, कोपरे दुमडलेली पुस्तकं. चाचणी लवकर संपली की मूल उठायचं, एखादं काढायचं, दहा पानं आवडली तर घरी न्यायचं. नोंद नाही, दंड नाही. इथे याला क्लासरूम लायब्ररी म्हणतात. आपल्या शाळांतली पुस्तकपेटी आठवा, फक्त कुलूप नसलेली.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही मराठी लोक या शाळांच्या लायब्रऱ्यांत आणि इंग्रजी विभागांत नोकरी करतो. पुस्तकं काढायचा निरोप वरून येतो, पण ती खोक्यात भरणारे हात आमचे असतात. आमदारांना आणि गव्हर्नरांना पत्रं पुष्कळ लिहून झाली. हे तुम्हांला लिहितो आहोत, कारण शाळांतली पुस्तकं काढायला लावणाऱ्या या सगळ्या कायद्यांच्या पायाशी ‘पालकांचा हक्क’ हे दोन शब्द आहेत आणि पालक तुम्ही आहात. तुम्ही ही मागणी केली नव्हती. ती तुमच्या नावावर चढली आणि तुम्ही हूं की चूं केलं नाहीत.

आधी हे नीट समजून घ्या की ‘बंदी’ असा शिक्का मारलेला कागद फारसा कुठे निघत नाही. पुस्तक जातं ते कामकाजाच्या रेट्यात.

फ्लोरिडाचा एचबी १४६७ (एचबी म्हणजे हाउस बिल, राज्याच्या प्रतिनिधीगृहातलं विधेयक) हा कायदा मार्च २०२२ मध्ये मंजूर झाला. त्यात एकाही पुस्तकाचं नाव नाही. शाळेतलं पुस्तक प्रमाणपत्रधारक मीडिया स्पेशालिस्टने, म्हणजे शाळेच्या ग्रंथपालाने, निवडलेलं असावं, ही त्यातली पुस्तकांबाबतची मुख्य अट. ऐकायला रास्त. मग जानेवारी २०२३ मध्ये राज्याने स्पष्ट केलं की वर्गातली फडताळंही यात धरायची. आता हिशेब करा. एका वर्गात चारशे पुस्तकं धरू. प्रत्येकाचा बारकोड स्कॅन करायचा, नोंद जुळते का बघायचं, जुळली नाही तर शीर्षक आणि लेखक हाताने टाकायचे, परीक्षणं शोधायची, कितवीपासून पुढे योग्य ते ठरवायचं. पुस्तकामागे पाच मिनिटं धरली तर एका वर्गाला तेहेतीस तास. असे वीस वर्ग असले तर साडेसहाशेहून जास्त तास, म्हणजे आठवड्याला चाळीस तासांनी सोळाहून जास्त आठवडे. हे एका माणसाने करायचं, तेही रोजची देवघेव, परीक्षांचे लॅपटॉप आणि जेवणाच्या सुट्टीतली ड्युटी सांभाळून. पाच मिनिटांत पुस्तक वाचून होत नाही हे निराळंच. मुख्याध्यापकाला यातून एकच सोपी वाट दिसते, ती म्हणजे तपासून होईपर्यंत सगळं झाका. आणि तपासून कधीच होत नाही.

यात आधी बळी जातात ती जुनी आणि परदेशी पुस्तकं. आयएसबीएन १९७० च्या आसपास सुरू झाला. त्याआधीच्या प्रतीवर बारकोड तर नाहीच, क्रमांकही नाही. २००७ पासून तो तेरा आकडी झाला. त्याआधीचा दहा आकडी क्रमांक काही स्कॅनर वाचतात, काही नाकारतात. भारतात छापलेल्या आवृत्तीचा क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो, आणि इथल्या पुरवठादारांच्या याद्यांत तो बहुधा सापडत नाही. म्हणजे तुमच्या मुलीने पुण्याहून येताना आणलेली, वाचून झाल्यावर कौतुकाने बाईंच्या फडताळात ठेवलेली कादंबरी स्कॅनरवर नुसती लाल रेघ दाखवते. तिच्यात आक्षेपार्ह काहीही नसतं. नोंद जुळली नाही की पुस्तक खोक्यात, आणि खोकं स्टोअररूममध्ये.

दुसरा कायदा एचबी १०६९, मे २०२३ चा. याचं यंत्र अधिक धारदार आहे. काउंटीतला कोणीही रहिवासी, शाळेत मूल असो वा नसो, फॉर्म भरून आक्षेप घेऊ शकतो. पुस्तकात लैंगिक वर्तनाचं ‘वर्णन’ आहे एवढं त्यात लिहिलं, की शाळेच्या पाच दिवसांच्या आत ते पुस्तक मुलांच्या हातून काढायचं आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच ठेवायचं. आधी शिक्षा, मग चौकशी. चौकशीला मुदत किती? आठवडे म्हणता म्हणता अख्खं वर्ष निघून जातं. २०२४ मध्ये एक दुरुस्ती आली: ज्यांचं मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांत, शिकत नाही त्यांनी महिन्याला एकच आक्षेप घ्यावा. त्याआधी किती येत असतील ते यावरूनच ओळखा.

‘वर्णन’ या शब्दाची खोच बघण्यासारखी आहे. अश्लीलता ठरवण्याची अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाची कसोटी १९७३ च्या मिलर खटल्यातली. तिच्यात कृती समग्र धरून बघायची असते आणि तिला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा शास्त्रीय मोल आहे का हे तपासायचं असतं. एचबी १०६९ मधल्या त्या शब्दाला समग्रतेचं बंधन नाही. चारशे पानांत एक परिच्छेद पुरतो. मग काय होतं ते एस्कॅम्बिया काउंटीने दाखवलं. २०२३ मध्ये तिथे सोळाशेहून जास्त पुस्तकं तपासणीसाठी बाजूला काढली गेली. त्या यादीत विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश होते, विश्वकोश होते आणि गिनेस विश्वविक्रमांचं पुस्तकही होतं. डिस्ट्रिक्टने सांगितलं की ही बंदी नाही, फक्त तपासणी आहे. खरंच आहे. शब्दकोशाचा गुन्हा एवढाच की त्यात शब्दांचे अर्थ दिलेले असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑर्लँडोचे फेडरल न्यायाधीश कार्लोस मेंडोझा यांनी ही ‘वर्णना’ची तरतूद अतिव्यापक आणि घटनाबाह्य ठरवली. प्रकाशक आणि लेखकांनी तो खटला भरला होता. राज्य अपिलात गेलं. व्हॉट्सॲपवर काहींनी ‘सुटलो’ असं लिहिलं. सुटलो नाही. काढलेलं पुस्तक निकालाने चालत परत येत नाही. ते परत ठेवण्याच्या निर्णयाखाली कोणाला तरी सही करावी लागते, आणि सही करणाऱ्याला फ्लोरिडाच्या कायद्यातलं कलम ८४७.०१२ पाठ असतं: अल्पवयीनांना ‘हानिकारक’ साहित्य देणं हा तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, पाच हजार डॉलरपर्यंत दंड. राज्याच्या प्रशिक्षणातच शिकवलं जातं की शंका आली तर सावधगिरीकडे झुका. शिक्षक झुकतात. घरचे हप्ते त्यांनाही आहेत.

डिस्ट्रिक्टचा कारभार चालवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या सभेतला प्रकार आणखी वेगळा. आक्षेप घेणाऱ्या पालकाला पुस्तकातला उतारा माइकवर वाचून दाखवता येतो. मजकूर फार उघडा आहे म्हणून अध्यक्षांनी वाचन थांबवलं, तर कायद्याप्रमाणे ते पुस्तक शाळेतून जातं. थांबवलं नाही तर क्लिप संध्याकाळपर्यंत फोनाफोनी फिरते. दोन्हीकडून पुस्तकच हरतं. हे उतारे आणणाऱ्यांपैकी अनेकांनी पुस्तक वाचलेलं नसतं. मार्च २०२५ मध्ये बंद पडेपर्यंत बुकलुक्स नावाची एक साइट होती. ती पुस्तकांना शून्य ते पाच असे गुण द्यायची आणि ‘त्या’ उताऱ्यांची पानांसकट यादी पुरवायची. आक्षेपाच्या फॉर्मला तीच पानं जोडलेली दिसायची. आयोवातल्या मेसन सिटीत तर २०२३ मध्ये नव्या राज्य कायद्याची मुदत जवळ आल्यावर यादीतली पुस्तकं चॅटजीपीटीला विचारून काढली, एकोणीस. यंत्राने पुस्तकं चाळली आणि माणसांनी ती फडताळातून उतरवली.

अपिलाच्या वाटेतही एक तिढा आहे. आक्षेप फेटाळून पुस्तक ठेवलं गेलं, तर आक्षेपकर्त्या पालकाला राज्याकडे स्पेशल मॅजिस्ट्रेट, म्हणजे वाद ऐकून शिफारस करणारा अधिकारी, मागता येतो आणि त्याचा खर्च डिस्ट्रिक्ट भरतं. पुस्तक काढलं म्हणून ज्या पालकाला वाईट वाटतं त्याला ही वाट नाही. म्हणजे ‘पालकांचा हक्क’ एकाच दिशेने उघडणारं दार आहे.

आता तुमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ: एपी (हायस्कूलमध्येच घेतले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स), जीपीए (गुणांची सरासरी), कॉलेज. आमच्याकडे येणाऱ्या मराठी पालकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, त्यात गैर काही नाही. एपी इंग्लिश लिटरेचरच्या परीक्षेत १२० मिनिटांत तीन निबंध असतात. तिसऱ्या निबंधासाठी उतारा दिलेला नसतो. एक प्रश्न असतो, सोबत कादंबऱ्या-नाटकांची लांब यादी, आणि त्यातली किंवा तेवढ्या तोलाची दुसरी एखादी पूर्ण वाचलेली कृती निवडून तिच्यावर लिहायचं असतं. पूर्ण वाचलेली. कथानकाचा सारांश लिहिणाऱ्याला इथे गुण मिळत नाहीत. पहिल्या प्रकरणातला तपशील शेवटच्या प्रकरणात कसा उलटतो हे दाखवावं लागतं, आणि ते उताऱ्यांवर वाढलेल्या मुलाला जमत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टँपाच्या हिल्सबरो काउंटीत शिक्षकांना सूचना आली की शेक्सपिअरची नाटकं वर्गात पूर्ण न देता उतारे द्या. कारण एक तर नवा कायदा, दुसरं राज्याच्या परीक्षेची नवी रचना. ऑर्लँडोच्या ऑरेंज काउंटीत त्याच वर्षी वर्गांतून ६७३ पुस्तकं नाकारली गेली, आणि त्या यादीत मिल्टनचं महाकाव्यही होतं. जे पुस्तक वर्गात तीस प्रतींचा संच म्हणून होतं ते मुलाला ॲमेझॉनवरून मागवून घरी देता येईल, हे आम्हांला माहीत आहे. तुम्हांला परवडतं. पण तीस मुलांनी एकाच पानावर भांडणं, हे घरी पार्सलमधून येत नाही. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २०२२ मध्येच लिहून ठेवलं आहे की अभ्यासक्रमातले आवश्यक विषय एखाद्या शाळेने वगळले तर तिथल्या त्या कोर्सचं ‘एपी’ हे नाव काढून घेतलं जाईल. ऑगस्ट २०२३ मध्ये एपी सायकॉलॉजीवरून फ्लोरिडात ही वेळ जवळपास आली होती. शाळा उघडायला काही दिवस असताना हजारो घरांत धावपळ उडाली. तेव्हा मात्र आपल्या ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत मेसेज येत होते.

मे २०२५ मध्ये हिल्सबरोमध्येच आणखी एक पायरी ओलांडली गेली. राज्याच्या शिक्षण आयुक्तांचं आणि ॲटर्नी जनरलचं पत्र आलं, आणि सहाशेहून जास्त पुस्तकं तपासणीसाठी काढली गेली. कुणा स्थानिक पालकाने एकेका पुस्तकावर आक्षेप घेतल्याने हे झालं नव्हतं. तपासणीचा खर्च सुमारे साडेतीन लाख डॉलर सांगितला गेला. हा पैसा तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधूनही जातो.

टेक्सासवाल्यांनो, तुम्ही हे ‘फ्लोरिडाचं लफडं’ म्हणून वाचत असाल तर थांबा. १ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्याकडे एसबी १३ (सिनेट बिल १३) हा कायदा लागू आहे. लायब्ररीसाठी घ्यायच्या प्रत्येक पुस्तकाला स्कूल बोर्डाची मंजुरी हवी, आणि त्याआधी तीस दिवस यादी लोकांपुढे ठेवायची. ग्रंथपालाने मागवलेलं पुस्तक फडताळात पोचेपर्यंत सत्र संपतं. आक्षेप आला की निकालापर्यंत पुस्तक बाहेर, इथेही तेच. त्याच तारखेपासून एसबी ४१२ ने ‘शैक्षणिक हेतूने दिलं होतं’ हा शिक्षक-ग्रंथपालांना पूर्वी असलेला कायदेशीर बचाव काढून घेतला. ह्यूस्टन डिस्ट्रिक्ट राज्याने २०२३ मध्ये ताब्यात घेतल्यावर काही शाळांच्या लायब्रऱ्यांच्या ‘टीम सेंटर’ नावाच्या खोल्या झाल्या आणि ग्रंथपालांची पदं गेली. त्याला कारण एखादं पुस्तक नव्हतं, पण मुलाच्या हातात उरलं तेवढंच: काही नाही.

न्यायालयाच्या भरवशावर राहू नका. १९८२ च्या पिको खटल्यात सर्वोच्च न्यायालयातल्या काही न्यायमूर्तींनी म्हटलं की विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने बोर्डाने लायब्ररीतलं पुस्तक काढू नये, पण त्या मताला पूर्ण बहुमत नव्हतं. शिवाय ते लायब्ररीपुरतं होतं. वर्गात शिकवायच्या पुस्तकांबाबत फ्लोरिडाच्याच कोलंबिया काउंटीतला १९८९ चा निकाल बघा. हायस्कूलच्या पाठ्यपुस्तकात एक प्राचीन ग्रीक विनोदी नाटक आणि चॉसरची एक कथा होती म्हणून बोर्डाने ते काढलं. अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्याच्याखाली येतं त्या फेडरल अपील न्यायालयाच्या, न्यायाधीशांना स्वतःला तो निर्णय शहाणपणाचा वाटला नाही, तसं त्यांनी लिहिलंही, आणि तरी बोर्डाचा अधिकार कायम ठेवला. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटने, ज्याच्याखाली टेक्सास येतं, सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तक काढलं तर ‘माहिती मिळवण्याचा हक्क’ पुढे करून त्याला आव्हान देता येत नाही असं ठरवलं. थोडक्यात, निर्णय बोर्डाच्या खोलीतच होणार आहे. त्या खोलीत खुर्च्या असतात, आणि त्यात तुम्ही नसता.

आकड्यांत सांगायचं तर पेन अमेरिका या लेखनस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने २०२४-२५ या शालेय वर्षात देशभर पुस्तकं काढल्याचे ६,८७० प्रसंग मोजले. एका डिस्ट्रिक्टमध्ये एक शीर्षक काढलं की एक प्रसंग, असा हा हिशेब. त्यात फ्लोरिडाचे २,३०४, टेक्सासचे १,७८१ आणि टेनेसीचे १,६२२. हे पाहून वाटतं की पालकांची लाटच उसळली आहे. तशी ती नाही. वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ मधले हजारावर आक्षेप तपासले, तेव्हा त्यातले ६० टक्के अकरा माणसांनी नोंदवलेले निघाले. अकरा. एका व्हॉलीबॉलच्या डावाला लागतात त्याहूनही कमी.

तुमच्याबद्दलच्या आमच्या तक्रारी आता सरळ सांगतो.

‘आपण बाहेरचे, आपण कशाला पडा’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा राग येणंही थांबलं. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांत प्राचीन भारताबद्दल काय छापावं यावरून भारतीय पालक सॅक्रामेंटोच्या सुनावण्यांना गाड्या भरभरून गेले होते. कोणाची बाजू बरोबर होती हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच की जायचं कसं, नाव कुठे नोंदवायचं, तीन मिनिटांत काय बोलायचं, हे आपल्याला येतं. आपल्याबद्दलचं पान असलं की येतं.

दुसरं, फॉरवर्ड. बोर्डाच्या सभेतली क्लिप ‘बघा शाळेत काय शिकवतात’ या ओळीसह मराठी मंडळाच्या ग्रुपवर येते. पुस्तक कोणतं, कितवीसाठी, वर्गात शिकवलं जातं की फक्त लायब्ररीत आहे, तुमच्या शाळेत आहे तरी का, हे कोणी विचारत नाही. अंगठे मात्र चाळीस. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून २०१० मध्ये एक इंग्रजी कादंबरी अशीच काढली गेली. पानं जाळली गेली आणि कुलगुरूंनी झटपट ती मागे घेतली. तेव्हा ज्यांनी फेसबुकवर निषेध लिहिला त्यांच्यातलेच काही आज अंगठा देणारे आहेत.

तिसरं, फॉर्म. वर्षाच्या सुरुवातीला घरी येणाऱ्या कागदांच्या ढिगात लायब्ररीचा फॉर्म असतो: पूर्ण प्रवेश, मर्यादित प्रवेश, की प्रवेश नाही. काही डिस्ट्रिक्टांत उत्तर आलं नाही तर पूर्ण प्रवेश धरतात, काहींत उलट, शून्य. आणि मग सप्टेंबरमध्ये काउंटरवर मूल उभं असतं, स्क्रीनवर लाल खूण येते, मागे रांग असते, आणि आम्हांला सांगावं लागतं की बाळ, तुझ्या घरून फॉर्म आलेला नाही. आईवडील दोघेही इंजिनिअर.

एक गोष्ट आम्हीही मान्य करतो. सहावीतल्या मुलाच्या हाती बारावीचं पुस्तक पडू नये ही काळजी रास्त आहे, आणि क्वचित एखादं पुस्तक चुकीच्या फडताळात गेलेलंही असतं. त्यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. मुलाच्या लायब्ररी खात्यावर बंधन घालणं हे पाच मिनिटांचं काम आहे. टेक्सासात तर आपल्या मुलाला न द्यायच्या पुस्तकांची यादी देण्याचा आणि त्याने काय नेलं ते बघण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीतल्या पालकांना धार्मिक कारणासाठी आपल्या मुलांना काही गोष्टींच्या पुस्तकांच्या तासातून बाहेर ठेवण्याची मुभा दिली. तिथल्या पालकांनीही पुस्तकं शाळेतून काढा असं मागितलं नव्हतं. माझ्या मुलाला नको, हे एक. कोणालाच नको, हे दुसरं. हा फरक तुम्ही सभेत उभं राहून सांगितलात, तर आमच्या दहा निवेदनांपेक्षा जास्त ऐकलं जाईल.

आमच्या मागण्या अशा.

लायब्ररीचा फॉर्म याच आठवड्यात शोधा, भरा आणि परत पाठवा. मूल नववीच्या पुढचं असेल तर ते भरताना त्याला शेजारी बसवा.

फ्लोरिडात आक्षेपांवर निर्णय देणाऱ्या समितीत, ज्यांच्या मुलांना ते पुस्तक मिळणार आहे अशा पालकांना घ्यावंच लागतं आणि तिच्या बैठका जाहीर, खुल्या असाव्या लागतात. त्या जागांसाठी माणसं मिळत नाहीत म्हणून तेच ते चेहरे बसतात. नाव द्या. काम असं असतं: पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचं, परीक्षणं बघायची, मग मत द्यायचं. महिन्याला एक पुस्तक धरा. टेक्सासात पालकांच्या सह्यांवर लायब्ररी सल्लागार परिषद स्थापन करता येते. त्यासाठी एकूण विद्यार्थ्यांच्या दहा टक्के किंवा पन्नास पालक, यातला जो आकडा कमी असेल तेवढ्या सह्या लागतात. परिषदेत बहुमत पालकांचं असतं. फ्रिस्को, केटी किंवा शुगर लँडमध्ये एका सबडिव्हिजनच्या गणपतीच्या आरतीला पन्नास पालक जमतात. प्रसादाच्या टेबलावर कागद आणि पेन ठेवा. तुम्ही ठेवला नाहीत तर दुसरं कोणी ठेवेल, आणि परिषद त्यांची होईल.

आपल्या डिस्ट्रिक्टला लेखी विचारा: गेल्या वर्षी वर्गांतून आणि लायब्ररीतून किती शीर्षकं निघाली, त्यातल्या किती प्रकरणांत लेखी आक्षेप होता, किती ‘तपासणीत’ आहेत आणि कधीपासून, किती ‘वीडिंग’ म्हणून गेली. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. वीडिंग म्हणजे आपल्याकडचं निर्लेखन: फाटलेली, कालबाह्य झालेली, वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं नोंदवहीतून कमी करणं. ते चांगलं आणि गरजेचं काम आहे, त्याची जगभर वापरली जाणारी क्रू पद्धत टेक्सासच्याच राज्य ग्रंथालयाने घडवली. पण गेल्या वर्षात सहा वेळा बाहेर गेलेलं, धड बांधणीचं पुस्तक निर्लेखनात निघत असेल तर त्याला निर्लेखन म्हणत नाहीत. देवघेवीचा आकडा मागा, तो संगणकात असतोच.

क्लिप पुढे पाठवण्याआधी पुस्तक मागवा. मुलांना तेवढं सांगा की ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी १३ ते २१ वयाच्या अमेरिकेतल्या कोणालाही मोफत ई-कार्ड देते. २०२२ मध्ये ओक्लाहोमातल्या नॉर्मन हायस्कूलच्या एका शिक्षिकेने आपली फडताळं कागदाने झाकली आणि त्या कागदावर याच कार्डाचा क्यूआर कोड लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने तिचं शिक्षकपदाचं प्रमाणपत्र रद्द केलं. म्हणून हे आम्ही वर्गात सांगू शकत नाही. तुम्ही घरी सांगू शकता.

आणि स्कूल बोर्डाच्या सभेला या, प्रत्येक घरातून वर्षातून निदान दोनदा. विषयपत्रिका फ्लोरिडात सात दिवस आधी लागते, टेक्सासात सभेची सूचना किमान तीन कामकाजाचे दिवस आधी. ‘लायब्ररी मटेरियल्स’, ‘रीकन्सिडरेशन’ किंवा ‘इन्स्ट्रक्शनल रिसोर्सेस’ हे शब्द शोधा. अनेकदा हे कलम ‘कन्सेंट अजेंडा’त दडलेलं असतं, म्हणजे चर्चेविना एका फटक्यात मंजूर होणाऱ्या गोष्टींत. बोलायचं असेल तर नावाचं कार्ड आधी भरावं लागतं, काही ठिकाणी सभेच्या दिवशी दुपारीच मुदत संपते. बहुधा तीन मिनिटं मिळतात, म्हणजे साधारण पावणेचारशे इंग्रजी शब्द. मूल कोणत्या शाळेत, कितवीत, हे पहिल्या वाक्यात सांगा. पुस्तकाचं नाव दुसऱ्यात. मंडळाचा टी-शर्ट घालू नका, ऑफिसच्या ओळखपत्राची गळ्यातली पट्टी काढून ठेवा, आणि पार्किंग लवकर भरतं म्हणून वीस मिनिटं आधी निघा.

आपले,
हायस्कूलच्या लायब्रऱ्यांत आणि इंग्रजीच्या वर्गांत काम करणारे काही मराठी जण